फिजिक्सच्या गणितांचा सामायिक संग्रह उभा करताना

गेली काही वर्षं आम्ही काही शिक्षक मिळून फिजिक्सच्या गणितांचा एक ऑनलाईन संग्रह करतोय, शाळेच्या वरच्या वर्गांपासून ते कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंत, सगळ्यांसाठी मोफत, कुणीही घ्यावीत, बदलावीत, वर्गात वापरावीत. असं काहीतरी करायचं बऱ्याच शिक्षकांच्या मनात असतं आणि मला त्याबद्दल विचारतातही, म्हणून यात नेमकं काय काय करावं लागतं ते एकदा नीट लिहून काढतेय.

मुळात हे कशासाठी, तर प्रत्येक शिक्षकाकडे स्वतःची एक वही किंवा फोल्डर असतंच. त्यात वर्षानुवर्षं घासून पुसून चांगली झालेली गणितं असतात, कुठे आकडे बदललेले, कुठे समासात लिहिलेलं की मुलं इथे हमखास अडकतात. ते शिक्षक रिटायर झाले की ती वही पण जाते. आणि शेजारच्या वर्गातला शिक्षक तेच गणित परत शून्यापासून रचत बसलेला असतो. हे मला मनापासून वाईट वाटायचं आणि अजून वाटतं.

गणितं गोळा होणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे हे आधीच सांगते. लोकांना हाक दिली की लोक देतात, भरभरून देतात. वेळ जातो तो त्यानंतर.

पहिला प्रश्न आला कॉपीराईटचा. लोक गाईडमधल्या, क्लासच्या नोट्समधल्या पानांचे सरळ फोटो पाठवायला लागले. आता यात कायद्याची गोष्ट अशी आहे की कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, मांडणीवर असतो. दोरी, पुली आणि दोन वजनं ही रचना जॉर्ज अॅटवूडने १७८४ मध्ये वर्णन करून ठेवली आहे, त्यावर कुणीही गणित करू शकतं, पण एखाद्या पुस्तकातलं वाक्य न् वाक्य आणि त्यांची आकृती उचलली तर ती उचलेगिरीच. म्हणून आम्ही नियम केला की मूळ गणित बाजूला ठेवायचं, त्यातलं फिजिक्स काय आहे ते एका ओळीत लिहायचं आणि त्या एका ओळीवरून नवीन गणित स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या आकड्यांनी, स्वतःच्या आकृतीने लिहायचं. हे कटकटीचं वाटतं खरं, पण त्याचा एक फायदा झाला जो कुणी धरलाच नव्हता, ती एक ओळ लिहायला बसल्यावर कळायचं की बऱ्याच गणितांत फिजिक्स काहीच नाहीये, नुसती आकडेमोड आहे, आणि ती गणितं आपोआप गळून पडली.

लायसन्स म्हणून आम्ही क्रिएटिव्ह कॉमन्सचं बाय-एसए ४.० घेतलं, म्हणजे श्रेय द्या, हवं ते करा, फक्त बदल करून पुढे वाटलंत तर त्याच अटींवर वाटा. काही जणांचा आग्रह होता की व्यावसायिक वापराला बंदी असलेलं एनसी घ्यावं, क्लासवाले आयते पैसे करतील म्हणून. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण जो गरीब शिक्षक फी घेऊन चार मुलांना शिकवतो त्याने हे वापरायचं की नाही हे त्याला कळणार नाही आणि तो घाबरून वापरणारच नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. याची दुसरी बाजू अशी की एनसी असलेलं साहित्य मग आपल्या संग्रहात मिसळता येत नाही, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअरचं, म्हणजे त्यांच्या मोफत ऑनलाईन कोर्सेसचं साहित्य बाय-एनसी-एसए वर आहे, ते उत्तमच आहे, पण त्याची लिंक द्यायची, त्यातली गणितं उचलून इथे टाकायची नाहीत. लायसन्सचं हे सगळं पहिल्याच दिवशी ठरवावं, कारण नंतर बदलायचं तर गणित देणाऱ्या प्रत्येकाची परवानगी घ्यावी लागते.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येक गणिताची एक साधी टेक्स्ट फाईल, समीकरणं लेटेक नावाच्या टाईप करायच्या पद्धतीत, वेबपानावर ती मॅथजॅक्स या प्रोग्रॅमने नीट दिसतात, बदलांची नोंद गिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. शिक्षकांना गिट शिकवायच्या फंदात पडू नका, त्यांच्यासाठी एक साधा फॉर्म ठेवा आणि आतलं काम दोघातिघांनी सांभाळा. आकृत्या एसव्हीजी या प्रकारच्या फाईलमध्ये काढा म्हणजे मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत आणि त्यातली नावं नंतर बदलता येतात. आणि प्रत्येक आकृतीचं शब्दात वर्णन हवंच, ज्या मुलाला दिसत नाही त्याचं सॉफ्टवेअर ते वाचून दाखवतं, शिवाय वर्णन लिहिताना लक्षात येतं की अमुक कोन आकृतीत आहे पण गणितात दिलेलाच नाही.

आता तपासणी, हेच मला खरं सांगायचंय.

आमचा नियम असा आहे की गणित देणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी, सोल्यूशन न बघता, कोऱ्या कागदावर ते सोडवल्याशिवाय गणित संग्रहात जात नाही. सोल्यूशन वाचून बरोबर आहे म्हणणं याला आम्ही तपासणी धरत नाही. कारण सोल्यूशन वाचताना डोकं त्याच वाटेने जातं, वाट चुकीची असली तरी पटत जातं. एक उदाहरण देते. एका अनुभवी सरांनी गणित दिलं होतं, २० मीटर उंच मनोऱ्यावरून १० मीटर प्रति सेकंद वेगाने चेंडू फेकला, तो जास्तीत जास्त लांब कुठे पडेल, जी (गुरुत्व त्वरण) १० धरा. सोल्यूशनमध्ये कोन ४५ अंश घेतला होता आणि उत्तर २० मीटर. वाचणाऱ्या दोघांना ते ठीक वाटलं, ४५ अंश सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं असतं. तिसऱ्या मॅडमनी न बघता सोडवलं आणि त्यांचं उत्तर आलं २२.४ मीटर. बरोबर तेच आहे, कारण ४५ अंश हे सपाट जमिनीवरून सपाट जमिनीवर फेकलं तरच चालतं, उंचावरून फेकताना चेंडूला पडायला तसाही वेळ मिळतो म्हणून आडवा वेग जास्त ठेवलेला फायद्याचा, इथे कोन साधारण २४ अंश येतो. सरांना दाखवलं तर ते खूष झाले, म्हणाले मॅडम हे गणित आता पहिल्यापेक्षा चांगलं झालं, याच्यात हा प्रश्नच विचारा की ४५ का नाही. आज ते गणित त्याच रूपात आहे, आणि सगळ्यात जास्त सोडवल्या जाणाऱ्यांपैकी एक आहे.

दुसरा प्रकार जास्त फसवा असतो, तिथे सोल्यूशन बरोबर असतं आणि आकडेच अशक्य असतात. ३० अंशांचा उतार, घर्षणांक ०.६, ठोकळ्याचं त्वरण काढा. सूत्रात टाकलं तर त्वरण येतं उणे ०.१९ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे स्थिर ठेवलेला ठोकळा आपला आपण उतारावर वर चढायला लागला! खरं तर तो हलणारच नाही, कारण टॅन ३० हा ०.५७७ आहे आणि घर्षणांक त्याच्याहून मोठा, घर्षण लागेल तेवढंच बळ लावून ठोकळ्याला धरून ठेवतं. असली गणितं विशेषतः तेव्हा येतात जेव्हा कॉम्प्युटरने आकडे बदलून बदलून एकाच गणिताची अनेक रूपं तयार करायची असतात. ती सोय आम्ही केली आहे, प्रत्येक मुलाला वेगळे आकडे मिळावेत म्हणून शिक्षकांना ती हवीच असते, पण प्रत्येक साच्याबरोबर अटी लिहिणं सक्तीचं आहे, इथे अट अशी की घर्षणांक कोनाच्या टॅनपेक्षा लहान हवा, दोरी सैल पडता कामा नये, भिंगाच्या गणितात वस्तू बरोबर नाभीवर येता कामा नये, वेग प्रकाशाच्या वेगाच्या आसपास जाता कामा नये. हे कॉम्प्युटरला आपोआप सुचत नाही, ते माणसानेच लिहावं लागतं, आणि ते लिहायला बसलं की गणित किती नाजूक पायावर उभं आहे ते दिसतं.

तपासणाऱ्यासाठी अजून दोन गोष्टी आम्ही मागतो, एक म्हणजे एकक जुळतंय का आणि दुसरी म्हणजे टोकाच्या परिस्थितीत उत्तर शहाण्यासारखं वागतं का. पुलीच्या गणितात दोन्ही वस्तुमानं सारखी केली तर त्वरण शून्य यायला हवं, एक वस्तुमान शून्य केलं तर दुसरं मोकळं पडल्यासारखं जी ने पडायला हवं. या दोन ओळी आता सोल्यूशनच्या शेवटी मुलांसाठीही छापतो, कारण परीक्षेत स्वतःचं उत्तर तपासायची सवय याच्यातूनच लागते, आणि बहुतेक पुस्तकांत त्या नसतात.

तपासणारे मिळत नाहीत ही मात्र कायमची अडचण. गणित द्यायला सगळ्यांना आवडतं, दुसऱ्याचं सोडवायला कंटाळा येतो. मग आम्ही ठरवलं, एक द्यायचं तर आधी दोन तपासायची. काही जण नाराज झाले, गेलेही, पण जे राहिले ते टिकले. आणि तपासणाऱ्याचं नाव गणिताखाली देणाऱ्याच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात. हे छोटं वाटेल पण याने फरक पडतो, मी हे प्रत्येकाला सांगते.

जी ९.८ की १० यावर आमच्याकडे इतकी चर्चा झाली की बाहेरच्याला खरं वाटणार नाही. शेवटी ठरलं, गणितात सांगितलेलं नसेल तर ९.८, आणि उत्तर तपासणारी यंत्रणा ३ टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य करेल, कारण ९.८ आणि १० मध्ये फरकच २ टक्क्यांचा आहे आणि मुलाचं फिजिक्स बरोबर असताना लाल फुली बघून त्याचा धीर जातो. अर्थात जिथे उत्तर दोन जवळजवळ सारख्या आकड्यांच्या वजाबाकीतून येतं तिथे तो २ टक्क्यांचा फरक फुगतो, तिथे जी स्पष्ट सांगायचा. आणि शक्य तिथे उत्तर आकड्यात न मागता अक्षरांतच मागायचं, मला व्यक्तिशः तेच जास्त आवडतं, आकडे घातले की विचार करायचं थांबतं.

हिंट कशा लिहायच्या हे शिकायला आम्हाला बराच वेळ लागला, त्यावर थोडं थांबते. हिंट म्हणजे सोल्यूशनचा पहिला तुकडा, असं लोक धरतात. मूल जिथे अडलंय तिथे तो तुकडा उपयोगी पडतोच असं नाही. एक जुनं गणित बघा, ६० वॉट आणि १०० वॉटचे बल्ब एकाच व्होल्टेजसाठी बनवलेले, ते एकसरीत जोडले तर कुठला जास्त उजळेल. बहुतेक मुलं १०० म्हणतात. इथे पहिली हिंट सूत्र नाही, पहिली हिंट एक प्रश्न आहे, की एकसर जोडणीत दोन्ही बल्बमधली कुठली गोष्ट सारखी असणार. दुसरी हिंट, बल्बवर लिहिलेले वॉट कुठल्या परिस्थितीतले आहेत आणि ती परिस्थिती इथे आहे का. तिसऱ्या हिंटमध्ये मग रोध, की ६० वॉटच्या बल्बचा रोध जास्त, म्हणून त्याच विद्युतधारेत तोच जास्त उजळणार. आणि सोल्यूशनमध्ये हेही लिहायचं की रोध तापमानाने बदलत नाही असं आपण धरलंय, खऱ्या फिलामेंटचा बदलतो. ज्या मुलाला पहिल्या हिंटवर सुटलं त्याला बाकीच्या दिसतही नाहीत. असं प्रत्येक गणितासाठी तीन पायऱ्यांचं लिहायचं म्हणजे गणित रचण्यापेक्षा जास्त मेहनत आहे, पण संग्रहाचा जीव मला तरी इथेच वाटतो.

मुलं कुठे अडतात हे शिक्षकाने खुर्चीत बसून ठरवू नये, मुलांच्या चुकीच्या उत्तरांमधून घ्यावं. वर फेकलेलं नाणं सगळ्यात वर पोचलं त्या क्षणी त्याचं त्वरण किती, याला शून्य म्हणणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, वेग शून्य म्हणजे त्वरणही शून्य. म्हणून बहुपर्यायी प्रश्नात चुकीचे पर्याय असेच खऱ्या चुकांमधून आलेले ठेवतो आणि प्रत्येक पर्यायाखाली, तू हा का निवडला असशील, हे लिहितो. या विषयावर १९९२ मध्ये हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांची फोर्स कॉन्सेप्ट इन्व्हेंटरी नावाची चाचणी आली, साध्या भाषेतले प्रश्न, आकडेमोड नाही, आणि चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या समजुतींवर बेतलेले. ती वाचलीत तर डोळे उघडतात. पण ती संग्रहात टाकू नका, ती उघड्यावर पसरू नये अशीच ती करणाऱ्यांची विनंती आहे, उत्तरं आधीच माहीत झाली तर मोजमापच निकामी होतं. आमच्याकडे तिचे प्रश्न कुणीतरी पाठवले होते, ते आम्ही ठेवले नाहीत.

टॅगचं, म्हणजे प्रत्येक गणिताला कशाचं आहे ते सांगणारी लेबलं लावायचं काम मला सगळ्यात रंजक वाटलं. सुरुवातीला सगळे प्रकरणाप्रमाणे लावत होते, उतार, पुली, स्प्रिंग. चाय, फेल्टोविच आणि ग्लेझर यांचा १९८१ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, त्यात नवशिक्यांना आणि जाणकारांना फिजिक्सची गणितं देऊन गट पाडायला सांगितले होते. नवशिके दिसणाऱ्या वस्तूंवरून गट पाडतात, उताराची एकीकडे, स्प्रिंगची एकीकडे, आणि जाणकार तत्त्वावरून पाडतात, ही ऊर्जेच्या अक्षय्यतेची, ही न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची. म्हणजे आपण वस्तूंवरून टॅग लावले तर मुलांना नवशिकेच ठेवतोय. तर मग तत्त्वाचे टॅग लावायचे, असं म्हणून लावले की दुसरीच अडचण, गणिताच्या डोक्यावरच ऊर्जा अक्षय्यता लिहिलंय म्हटल्यावर त्यातला अर्धा विचार संपलाच, कुठलं तत्त्व लावायचं हे ओळखणं हेच तर अवघड असतं! म्हणून आता तत्त्वाचा टॅग गणित सोडवल्यावरच उघडतो, शिक्षकांना आधीपासून दिसतो. आणि मुलांना सरावासाठी जो संच मिळतो त्यात गणितं मुद्दाम मिसळलेली असतात, एकाच प्रकारची दहा लागोपाठ नाहीत, कारण दहा लागोपाठ सोडवताना मूल पहिल्यातच विचार करतं आणि पुढची नऊ हाताने होतात.

काठिण्यपातळी गणित देणाऱ्याला ठरवू देऊ नका. ज्याने रचलं त्याला ते सोपंच वाटतं. मुलांच्या उत्तरांवरून ठरवा, पहिल्या प्रयत्नात कितींना जमलं बघा, पण तेही डोळे झाकून घेऊ नका, कारण अवघड म्हणून लेबल लागलं की हुशार मुलंच ते उघडतात, त्यांना जमतं, आणि आकड्यात ते सोपं दिसायला लागतं. आम्ही म्हणून ज्या शिक्षकांनी पूर्ण वर्गाला गणित दिलंय त्यांचेच आकडे काठिण्यासाठी धरतो.

सोल्यूशन्स उघडी ठेवायची की लपवायची यावर आमच्यात खरे मतभेद झाले. परीक्षेला वापरायचं तर सोल्यूशन दिसता कामा नये असं अर्ध्या शिक्षकांचं म्हणणं. माझं म्हणणं असं की एकटं शिकणारं मूल, ज्याला विचारायला कुणी नाही, त्याच्यासाठी सोल्यूशन हाच शिक्षक आहे आणि हा संग्रह आधी त्याचा आहे. शेवटी सगळं उघडं ठेवलं, परीक्षेसाठी आकडे बदलायचा साचा वापरा.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. प्रत्येक गणिताला कायमचा नंबर द्या आणि गणित काढून टाकलं तरी तो नंबर दुसऱ्याला देऊ नका. शिक्षक गृहपाठात नंबर देतात, लिंक देतात. गणितातला आकडा गुपचूप सुधारला तर निम्म्या वर्गाचं उत्तर वेगळं येतं आणि कुणाला कळत नाही का, म्हणून काय बदललं आणि कधी, हे गणिताखालीच दिसू द्या, आणि आकडे बदलणार असाल तर नवीन नंबरच घ्या.

सध्या गतिशास्त्र आणि विद्युतधारेची गणितं भरपूर झाली आहेत, उष्मागतिकी आणि तरंग प्रकाशशास्त्र अजून बारीक आहे, तिथे चांगली गणितं रचणं अवघड जातं आणि आकृत्याही वेळखाऊ. व्यतिकरणाचा एक संच हातात घेतलाय, त्याची गणितं लिहून झाली आहेत, सोल्यूशन न बघता सोडवणारे दोन जण अजून हवे आहेत.